औषधाचं नाव : लागू नाही

एका रकान्यापायी माझे सात महिने गेले. पीएचडीला सव्वापाच वर्षं लागली, त्यातलं बरंचसं आता आठवतही नाही. तो रकाना मात्र आठवला की आजही डोकं तापतं.

मी रसायनशास्त्राची. विषय जस्त, म्हणजे झिंक. नागपुरातल्या एका वस्तीतल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या रक्तात ते किती आहे आणि घरच्या ताटातून किती जातं, ते बघायचं होतं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "छपराच्या पत्र्यावर असते तेच का?" तेच. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात ते जेमतेम दोनेक ग्रॅम असतं, पण तेवढ्यात कमी पडलं की पोर वाढत नाही, भूक मरते, जखम लवकर भरत नाही.

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, सगळं वेळेत झालं. मग माझे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, "मुलांचं रक्त घ्यायचं म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी लागेल. महिनाभरात होऊन जाईल." माणसांवरच्या संशोधनात कुणाला इजा किंवा फसवणूक होत नाही ना, ते बघणारी ही कमिटी. आमच्याकडे अशी कमिटी नव्हती, म्हणून एका दवाखान्याच्या कमिटीकडे अर्ज करायचं ठरलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथे काम पडतं.

खिडकीवर 18 पानी फॉर्म मिळाला. सहावा रकाना : औषधाचं नाव. सातवा : मात्रा. आठवा : उत्पादक कंपनी. मी कुणाला काही पाजणार नव्हते, तीन मिलिलिटर रक्त तेवढं घेणार होते, चहाच्या चमच्याहून कमी. तिन्ही रकाने कोरे सोडले, 14 प्रती झेरॉक्स केल्या, सीताबर्डीच्या बाजारातून स्पायरल करून आणल्या आणि आवक क्रमांक घेऊन घरी आले.

पाच आठवड्यांनी मीच चौकशीला गेले तेव्हा कळलं, अर्ज 'अपूर्ण' म्हणून टेबलावरच पडून आहे. ना फोन, ना पत्र.

खिडकीवरचे बाबू म्हणाले, "मॅडम, फॉर्म तं भरला तुमी, पन हे रकाने खाली काहून ठेवले जी?"

"औषध नाहीच आहे या अभ्यासात."

"मंग नाही म्हनून लिहा नं."

लिहिलं : लागू नाही. पुन्हा 14 प्रती. या खेपेला शेरा आला, 'औषधाचे नाव स्पष्ट नमूद करावे.' तो कागद मी जपून ठेवलाय. मे महिना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी त्या व्हरांड्यात उभी, आणि तिथला एकुलता एक कूलर साहेबांच्या दाराकडे तोंड करून. बाबूंना शेवटी माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "कोनतंबी एक औषध लिहून टाका, मॅडम. पुढचं साहेब पाहून घेतीन."

खरं सांगते, हात शिवशिवला होता. 'झिंक सिरप' असं लिहिलं की सुटले असते. पण मग कागदोपत्री माझा अभ्यास औषधाची चाचणी ठरला असता आणि विमा, नुकसानभरपाई, नवनवी प्रमाणपत्रं मागे लागली असती. शिवाय एथिक्स कमिटीच्याच फॉर्मवर खोटं लिहायचं, हे जरा अतीच झालं. अर्ज बगलेत मारला आणि तर्री-पोहे खायला निघून गेले. भर उन्हात तर्री. राग हा असा असतो.

तिसऱ्यांदा एक लांबलचक खुलासा जोडला. अर्ज वर गेला, तर कोरम नाही. किमान पाच सभासद लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचाच असावा लागतो. ते गावाला गेले होते. पुढच्या महिन्यात ते आले, तर सभासद चारच.

शेवटी सर म्हणाले, "खिडकीवर जाऊच नको, सदस्य सचिवांना भेट." दोन तास बसल्यावर आत बोलावलं. त्यांनी अर्धा मिनिट फॉर्म चाळला आणि विचारलं, "हा औषधचाचणीचा फॉर्म आहे. तुम्हाला दिला कोणी?" दुसरा फॉर्म आठ पानांचा होता. त्यात औषधाचा रकानाच नव्हता. तो त्याच खिडकीमागच्या त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात होता. सातपैकी साडेपाच महिने त्या एका कप्प्याच्या अंतरात गेले.

तेव्हा कुणी या वाटेनं जाणार असाल तर फॉर्म हातात घ्यायच्या आधी विचारा : औषध नसलेल्या अभ्यासाचा वेगळा फॉर्म आहे का? आणि आवक क्रमांक मिळाला म्हणजे अर्ज पुढे सरकला असं समजू नका, दर आठवड्याला जाऊन तोंड दाखवा.

प्रत्यक्ष बैठक 20 मिनिटांत आटोपली, आणि राग बाजूला ठेवून सांगायचं तर कमिटी चांगली निघाली. 'जस्तच का?' या प्रश्नाची मी तयारी करून गेले होते. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये इराणला शिराझला गेले. तिथे 21 वर्षांचा एक रुग्ण त्यांच्यापुढे आला, दिसायला दहा वर्षांचा. रोटी खायचा आणि माती खायचा. जस्ताच्या कमतरतेचा माणसातला शोध तिथून लागत गेला. इकडे आपल्या 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयाच्या 17 टक्के मुलांत जस्त कमी निघालंय. डॉक्टर मंडळींनी माना डोलावल्या.

पण सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "रिपोर्ट आईला मिळणार का? मराठीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा प्रश्न, "आठ वर्षांच्या पोराला तुम्ही विचारणार, की फक्त आईची सही घेणार?" आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायला सांगितलंय. ते पान मी वाचलंच नव्हतं. चूक माझी. दोन आठवड्यांत दोन्ही सुधारून दिलं. आईच्या रिपोर्टवर आकड्याखाली साधं लिहिलं, की ज्वारीत आणि डाळीत जस्त असतं, पण त्यातलाच फायटेट नावाचा घटक ते धरून ठेवतो. मटकी भिजवून मोड आणले, ज्वारीची आंबील केली, की पकड सैल होते.

परवानगीची वाट बघत होते त्या काळात प्रयोगशाळेत वेगळीच गंमत. ब्लँक, म्हणजे नमुना न घालता फक्त ॲसिड आणि पाणी, त्यातच जस्त दिसायचं. जस्त मोजायच्या मशीनवर झिंकचा लॅम्प, प्रकाशाची तरंगलांबी 213.9 नॅनोमीटर, सगळं बरोबर. बाटल्या रात्रभर नायट्रिक ॲसिडात बुडवून ठेवल्या, ॲसिड बदललं, पाणी बदललं. तीन आठवडे. मग एकदा बाटलीवर नाव लिहायला पांढरी चिकटपट्टी फाडत होते आणि डबीवरची अक्षरं दिसली : झिंक ऑक्साइड. प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी! तीच बोटं मी झाकणाला लावत होते. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असतं, तिथे एवढं पुरतं. रबरी बुचांचंही तेच, रबरात झिंक ऑक्साइड असतं. ट्रेस एलिमेंटसाठीच्या, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठीच्या, निळ्या झाकणाच्या नळ्या महाग पडतात, तरी त्याच घ्या.

हो, आणि रक्त सगळ्यांचं सकाळीच घ्या. दिवस चढतो तसं सीरममधलं जस्त उतरतं. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी कमतरतेची सीमा सकाळी डेसिलिटरमागे, म्हणजे 100 मिलिलिटरमागे, 65 मायक्रोग्रॅम धरतात, दुपारी 57. वेळ लिहिली नाही तर आकडा वाया.

परवानगीचं पत्र हातात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नर्स ताईंना घेऊन वस्तीत पोचले. बर्फाचा डबा, निळ्या नळ्या, सह्यांचे कागद. पहिलं घर, आठ वर्षांचा मुलगा. आईनं सही केली. मी खाली बसून त्याला सगळं समजावलं, सुई दाखवली आणि विचारलं, "देशील का थोडंसं रक्त?"

"नाही."

आई त्याचा दंड धरून म्हणाली, "घ्या तुमी मॅडम, मी पकडतो याले." मी नको म्हटलं. वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं : नमुना 1, नकार. संत्रागोळी तेवढी त्यानं हात पुढे करून मागून घेतली.