सुरूच्या फांदीवरचा सोनचाफा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की आमचं जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात येतं. पुढचे चार आठवडे घरातले सगळे ताट मांडीवर घेऊन जेवतात, कारण टेबलावर फेल्टचे तुकडे, कागदी साचे, दोऱ्याच्या लडी आणि सावरीच्या कापसाची पिशवी पसरलेली असते. कापूस भरायचा दिवस असला तर पंखाही लावायचा नाही. डिसेंबरात वसईला तसा त्रास होत नाही म्हणा.

नाताळच्या झाडासाठी फेल्टच्या वस्तू शिवायच्या या कामाला मी लागले ती सुरूमुळे. आमच्याकडे नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. बाबा वाडीच्या कुंपणाच्या सुरूवरून एक चांगली भरगच्च फांदी उतरवतात आणि वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात रोवतात. लांबून बघितलं तर सुरूला पाइनसारख्या सुया आहेत असं वाटतं. हातात घेतलं की कळतं, त्या बारीक पेरापेरांच्या लवचीक डहाळ्या आहेत. त्यांच्यात ताठपणा नाही. बाजारातले चकचकीत गोळे अडकवले की डहाळी वाकते आणि गोळा हळूहळू घसरत टोकाशी येतो. आठ वर्षांपूर्वी काचेचा एक गोळा असाच रात्री पडून फुटला आणि सकाळी माझ्या मुलीच्या तळपायात काच गेली. त्या दिवशी मी सगळे गोळे काढून ठेवले. हलकं आणि न फुटणारं काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्या शिवणाच्या डब्यातच सापडलं: भरतकामातून उरलेला लाल फेल्टचा हातभर तुकडा. आता माझा सोनचाफा स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहा ग्रॅम भरतो. डहाळी हलतसुद्धा नाही.

फेल्ट हे कापड नव्हे, म्हणजे विणलेलं नव्हे. त्याला ताणा नाही, बाणा नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळणं मिळालं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट थर बनतो. काश्मीरचा नमदा असाच होतो. आपली घोंगडी मात्र मागावर विणतात, त्यामुळे ती या जातीची नाही. दुकानात मिळणारे स्वस्त फेल्टचे ताव बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. त्यातले धागे बारीक काटे असलेल्या सुयांनी टोचून टोचून गुंतवलेले असतात. दोन्हींचा गुण एकच: कापलेल्या कडेतून दोरे सुटत नाहीत. म्हणजे कड दुमडायची नाही, अस्तर नाही, उलटून शिवणं नाही. सुरुवात करणारीला यापेक्षा सोपं काही नाही.

मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून फेल्ट आणते, साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा आणि मऊ. पुठ्ठ्यासारखा कडक फेल्ट घेऊ नका, त्यात सुई घालताना बोटं दुखतात आणि काठही नीट मिटत नाही. ताव उजेडासमोर धरून बघायचा. कुठे विरळ, कुठे दाट दिसला तर परत ठेवायचा. लाल रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून पाहायचा. हे मी एकदा केलं नाही आणि त्या वर्षीच्या सगळ्या पांढऱ्या चांदण्या गुलाबी झाल्या.

कापताना कात्री स्थिर ठेवायची आणि फेल्ट फिरवायचा. गोलाई आपोआप येते. पेन्सिल फेल्टवर उमटत नाही, म्हणून मी बटर पेपरवर नमुना काढून तो दोन टाचण्यांनी लावते आणि कागदासकटच कापते. दोन तुकडे जोडायला काज टाका. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे, गाठ दोन थरांच्या मधे लपवायची, दोन टाक्यांत तीन मिलिमीटर अंतर. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके घेतले की कोपरा उघडा पडत नाही. दोन बोटं मावतील एवढी जागा सोडून कापूस भरायचा, तोही चिमटी-चिमटीने, क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने आधी कोपऱ्यांत. एकदम बोळा कोंबला तर मध्ये गाठोडं होतं आणि टोकं रिकामी राहतात. डिंक मी कुठेच वापरत नाही. तो फेल्टमध्ये झिरपतो आणि वाळल्यावर कडक, काळपट डाग राहतो. डोळा असो की पाकळी, शिवायचीच.

सावरीचा कापूस आईच्या जुन्या उशांतला आहे. आमच्या विहिरीजवळ सावरीचं झाड होतं, आई त्याची बोंडं वेचून उशा भरायची. झाड गेलं, उशा राहिल्या. एका उशीतून मला आठ वर्षं कापूस पुरला आहे आणि अजून निम्मी उशी शिल्लक आहे.

टाके मात्र बरेचसे घरात पडत नाहीत. मी चर्चगेटला नोकरी करते. सकाळी गाडीत उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ, पण परतीच्या विरार लोकलमध्ये चर्चगेटलाच बसायला जागा मिळते आणि वसई रोड येईपर्यंत तासाहून जास्त वेळ हातात असतो. फेल्टला रिंग लागत नाही, मांडीवर काही पसरावं लागत नाही. एका डबीत सुई, दोरा, छोटी कात्री आणि दोन कापलेले आकार असले की झालं. दादरला गर्दी घुसली तरी हात चालू राहतात. आमच्या डब्यातल्या नालासोपाऱ्याच्या एका मैत्रिणीने माझं बघून काज टाका उचलला आणि गणपतीच्या मखरासाठी फेल्टच्या एकवीस जास्वंदी केल्या. तिची जास्वंद माझ्यापेक्षा सरस आहे. परागांच्या दांडीसाठी तिने पिवळ्या दोऱ्याच्या गाठीच्या टाक्यांची रांग घातली, ते मला सुचलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं जे सगळे करतात: बर्फाचा माणूस, मोजे, लाल टोपीचा म्हातारा, हरणाची शिंगं. छान दिसत होतं. पण फांदी बाबांच्या कुंपणातली, कापूस आईच्या उशीतला, आणि त्यावर लटकलेलं एकही चित्र माझ्या मुलीने कधी पाहिलेलं नाही, हे मला टोचत राहिलं. नाताळचा पहिला गोठा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो नावाच्या इटलीतल्या गावात मांडला. त्याने त्यासाठी तिथलंच गवत, तिथलाच बैल आणि तिथलंच गाढव घेतलं. बाळ येशू आपल्या गावात, आपल्या गोठ्यात जन्मला असं लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. मग आमच्या गावात तो जन्मला तर त्याच्याभोवती काय असेल? केळी, पानवेल, चाफा, विहीर. दुसऱ्या वर्षीपासून मी फक्त हेच करते.

सोनचाफ्याला मला तीन वर्षं लागली. खरं फूल सोडवून पाकळ्या मोजल्या, पंधरा भरल्या. पंधरा पाकळ्या फेल्टच्या केल्या तर फुलाचा कोबी होतो. नऊ पुरतात: आत तीन अरुंद, बाहेर सहा. दुसऱ्या वर्षी रंग चुकला. हळदीचा पिवळा घेतला, तर ते सूर्यफूल वाटायला लागलं. सोनचाफ्याचा पिवळा नारिंगीकडे झुकलेला असतो आणि देठाकडे हिरवट होतो. आता मी आतल्या पाकळ्यांना गडद फेल्ट घेते, बाहेरच्यांना फिकट, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी हिरव्या दोऱ्याचे दोन उभे टाके घालते. पाकळीचा खालचा भाग चिमटीत दुमडून टाका मारला की तिला खोलगटपणा येतो. मग आधी आतल्या तीन एकमेकींत गुंडाळायच्या, मग बाहेरच्या एकीआड एक. शेवटी गाभ्यात एक लवंग खोचते. वास चाफ्याचा नाही, पण खोक्यात किडा येत नाही.

लवंगेपर्यंत मी नुकसान सोसून पोहोचले. एका वर्षी घंटांना वजन यावं म्हणून बुडाशी तांदूळ भरले होते. पावसाळ्यानंतर खोकं उघडलं तर सात घंटांमधून टोके चालत होते. दुसऱ्या एका वर्षी हौसेने खऱ्या लोकरीच्या फेल्टची गव्हाण केली, तिला कसर लागली. लोकर वापरायची तर कडक ऊन दाखवूनच डब्यात भरायची, आणि डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा.

घंटेचा आकार मी वाईहून आणला. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर मारिया आणि बाळ येशूची आकृती आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. मेणवलीची त्यातलीच. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. आमच्या गावच्या घंटेला तिथे रोज कोणी ना कोणी भक्तिभावाने हात लावतं, हे मला फार बरं वाटलं. तिची कमान खांद्याशी अरुंद आणि तोंडाशी एकदम रुंद आहे. बाजारातल्या नाताळच्या घंटा पेरूसारख्या गुबगुबीत असतात, तशी ती नाही. मी वहीत तिचं रेखाटन केलं आणि त्यावरूनच साचा कापला. राखाडी फेल्ट, कडेला काळ्या दोऱ्याने साखळी टाका, मध्ये छोटा क्रूस.

सुकेळी सगळ्यात सोपी आणि लोकांना सगळ्यात आवडणारी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची, ही वसईची जुनी गोष्ट. फेल्टची सुकेळी म्हणजे मधाच्या रंगाच्या दोन बोटभर सुरळ्या, त्यावर तपकिरी पट्टी आणि बांधायला केळीच्या खऱ्या सोपटाचा दोरा. माझी बहीण कॅनडात आहे. तिला दर वर्षी पाकिटातून चार-पाच वस्तू पाठवते. मोडायची भीती नाही, टपाल खर्चही बेताचा. गेल्या वर्षी तिने सुकेळी नाकाला लावून बघितली म्हणाली.

यंदा रहाट करायचा होता. आमच्या बावखलावर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, रहाट होता, मी तो फिरताना पाहिला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’ चळवळीत, म्हणजे वसईची हिरवळ वाचवण्यासाठी, उभे राहिले तेव्हा मी शाळेत होते, बाबा त्यांच्या सभांना जायचे. तेव्हा आमच्या आळीत पाच बावखलं होती. आता एक आहे. बाकीच्यांवर इमारती आहेत.

दोन चाकं, एक मोठं एक लहान, आणि गाडग्यांची माळ. चाकं मी कडक फेल्टची कापली, त्यासाठी तो बरा. माळेसाठी विटकरी रंगाची चौदा इवलीशी गाडगी, प्रत्येक नखाएवढं. चार संध्याकाळी लोकलमध्ये गेल्या. परवा रात्री सगळं जोडून बाबांसमोर ठेवलं. बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, चष्मा लावून त्यांनी ते उजेडात धरलं.

“चुकलंय गं,” ते म्हणाले. “सगळ्यांची तोंडं वर का? वर येतात ती भरलेली, त्यांची वर. खाली जातात ती रिकामी, त्यांची खाली. नाहीतर पाणी पडणार कुठे?”

मग त्यांनी माझ्या हातून छोटी कात्री घेतली आणि उतरत्या बाजूच्या सात गाडग्यांचे टाके एकेक करून स्वतः उसवले.