त्रेपन्न वजा सत्तावीस

दुसरीच्या वर्गात फळ्यावर ५३ − २७ द्या आणि वह्या गोळा करा. २६ आलेल्या वह्या बाजूला ठेवून चुकलेल्या तेवढ्या बघा. कुठे ३४ असेल, कुठे ३६, कुठे ८०. इंदूरच्या मराठी घरातलं मूल असेल तर १६ सुद्धा असू शकतं. चारही उत्तरांवर सारखीच लाल फुली पडते आणि चौघांनाही तीच दहा गणितं पुन्हा सोडवायला मिळतात. पण ही चार मुलं चार वेगळ्या जागी अडकलेली असतात.

३४ वाल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं: ७ तून ३ गेले ४, ५ तून २ गेले ३. त्याच्या लेखी ५३ ही एक संख्या नाहीच, शेजारी बसलेले दोन अंक आहेत. त्याच्याकडून कितीही गणितं करून घेतली तरी तो हेच करणार, फक्त आणखी वेगात. ३६ वालं मूल बरंच पुढे आहे. त्याने १३ तून ७ काढले, पण वरच्या ५ चे ४ केले नाहीत, म्हणजे हे दहा आले कुठून ते त्याला ठाऊक नाही. ८० वाल्याने सरळ बेरीज केली. कधी चिन्हाकडे लक्ष नसतं, कधी कारण वेगळंच असतं, ते पुढे येईलच.

१६ ची गंमत अशी. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत ‘तिनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन’ असं म्हणतात. म्हणजे वरच्या संख्येत दहा सुटे वाढवायचे आणि खालच्या संख्येत एक दशक. दोन्हीकडे सारखीच भर, म्हणून फरक तोच राहतो. पद्धत अगदी बरोबर आहे. शाळेत मात्र वरच्या दहाईतून ‘उधार’ घेतात आणि ५ चे ४ करतात. मूल शाळेचं ऐकून ५ चे ४ करतं, आजोबांचं ऐकून २ चे ३ करतं, आणि ४ तून ३ गेले १. दोघांचंही ऐकलं, उत्तर १६. घरी शिकवणाऱ्यांनी पहिली दोन-तीन वर्षं तरी हातचा आपल्यापाशीच ठेवावा, कारण हातच्याची रीत काड्यांनी सहज दाखवता येत नाही आणि शाळेची येते.

आता एक खाच. हीच चाचणी ५२ − २७ ने घेतली तर काय होईल? मोठ्यातून लहान काढणाऱ्याचं उत्तर ३५ आणि दशक कमी न करणाऱ्याचंही ३५. एककातल्या अंकांचा फरक ५ असला की दोन्ही चुका एकाच उत्तरात लपतात. ४३ − १८, ६१ − ३६ यांचंही तेच. तपासणीचं गणित निवडताना हा फरक टाळायचा. सोबत ६० − २४ द्यावं: ४४, ४० आणि ४६ या तीन चुकीच्या उत्तरांमागे तीन वेगळी कारणं असतात. आणि एक ५८ − २३ सुद्धा हवंच, कारण उधार घ्यायला नुकतीच शिकलेली मुलं गरज नसताना दशक सोडवतात आणि २१५ असं उत्तर लिहून मोकळी होतात.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-लेखन-अंकज्ञान मोहिमेत दुसरीचं लक्ष्य आहे ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी. तिसरीला ९९९९ पर्यंत संख्या आणि साधे गुणाकार. लक्ष्यात खोट नाही, पण ५८ − २३ आणि ५३ − २७ या दोन्ही ९९ च्या आतल्याच वजाबाक्या आहेत. पहिली विचारून मुलाला निपुण ठरवता येतं, दुसरीत तेच मूल अडकतं. डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीच्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. उरलेल्यांना उभी मांडणी शिकवणं म्हणजे ३४ वाल्यांची भरती करणं.

मग काय करायचं? २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात अनुभव, भाषा, चित्र आणि चिन्ह असा क्रम सांगितलेला आहे. वर्गात पहिली तीन घाईत उरकतात. या गणितापुरता तो क्रम असा लागतो. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला १०० काड्या आणि १० रबर. आगपेटीच्या काड्या घेऊ नका, बारीक असल्याने जुडी सैल होते आणि घरंगळते. खराट्याचे हीर साधारण १० सेंटीमीटरचे तुकडे करून वापरले तर खर्चही नाही. जुड्या मुलांनीच मोजून बांधायच्या. बाईंनी आयत्या बांधून दिल्या की जुडीत दहाच आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही, ते दर वेळी सोडून मोजतं.

यानंतरची पायरी जवळपास सगळीकडे गाळली जाते. वजाबाकी न करता नुसती जुडी सोडायची. ४२ म्हणजे ४ जुड्या २ सुट्या. एक जुडी सोडली की ३ जुड्या १२ सुट्या. काड्या तेवढ्याच आहेत का? तीन-चार तासिका फक्त हेच: ६५, ३१, ५०, ९४. मूल न मोजता ‘तेवढ्याच’ म्हणू लागलं की पुढे जायचं, त्याआधी नाही. ३६ ची चूक इथेच मरते.

मग ५३ − २७. फक्त ५३ मांडायचे. कित्येक वर्गांत ५३ आणि २७ दोन्ही मांडून घेतात, मूल समोरच्या सगळ्या काड्या मोजतं आणि ८० सांगतं. २७ मांडायचे नसतात, ५३ मधून उचलायचे असतात. त्यानंतर दोन दिवस जोडीने काम: एक जण काड्या हलवतो, दुसरा त्याच क्षणी वहीत लिहितो. जुडी सुटली की लगेच ५ खोडून ४. हात आणि पेन्सिल एका वेळी चालली नाहीत तर काड्यांचा खेळ वेगळा राहतो आणि वहीतलं गणित वेगळं. पुढे काड्यांऐवजी रेघा आणि ठिपके, मग नुसते अंक. ताळा बेरजेने: २६ + २७.

शिक्षकाला मदत लागते ती नेमकी इथे. मध्य प्रदेशात २००२ च्या जनशिक्षा अधिनियमापासून जनशिक्षक, म्हणजे आसपासच्या शाळांना भेट देऊन शिक्षकांना मदत करणारे शिक्षक, आहेत, शाळाभेटी होतात. भेटीत हजेरी आणि नोंदी तपासल्या जातात. त्यातली पंधरा मिनिटं चुकलेल्या वह्या उत्तराप्रमाणे वेगळ्या लावण्यात गेली तर दुसऱ्या दिवशी कोणत्या गटाला काय द्यायचं हे शिक्षकाला कळेल. आपल्याच राज्यात १९७२ ते २००२ चाललेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिक्षक दरमहा एकत्र बसून वर्गातल्या अडचणी मांडत. विषय विज्ञानाचा होता, पण रीत गणितालाही चालेल. बैठकीला येताना प्रत्येकाने पाच चुकलेल्या वह्या आणायच्या, बस.

तिसरीत ४०३ − १६७ आलं की जुनं दुखणं परत उठतं. मधल्या शून्यापाशी मूल ४ चे ३ करतं, एककाला १३ करतं, मधे १० तसेच ठेवतं आणि २४६ लिहितं. इथे शेकड्यापासून सुरुवातच करू नका. ४०३ म्हणजे ४० दशक ३ सुटे. एक दशक सोडला, उरले ३९ दशक आणि १३ सुटे. १३ तून ७ गेले ६, ३९ तून १६ गेले २३. उत्तर २३६. एवढ्या काड्या पुरत नाहीत, त्यासाठी खेळण्यातल्या १०० आणि १० च्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्यावीत. गटाला शंभराच्या चार, दहाच्या पन्नास आणि वीस नाणी पुरतात.