बघायलो

बुधवार, रात्री पावणेबारा

रविवारचं आमच्या सोसायटीच्या गणपतीतलं प्रहसन जोरात झालं. लिहिलं मीच होतं. सगळ्यात मोठा हशा पडला तो वॉचमनच्या प्रवेशाला. चेअरमन दरडावतो, "झोपलास का रे?" वॉचमन डोळे चोळत म्हणतो, "न्हाई साहेब, बघायलो." "काय बघायला?" "बघायलो ना साहेब." "अरे, पण काय बघायला?" असं चार वेळा. नांदेडकडं 'बघायलो' म्हणजे 'बघतोय'. पुण्यातल्या कानाला ते वाक्य अर्धवट सुटल्यासारखं वाटतं. विनोद म्हणाल तर एवढाच.

आमचे गेटवरचे मामा नांदेडकडचेच. खुर्च्या मांडून झाल्यावर ते मागे मीटरच्या खोलीपाशी उभे होते. तेही हसले. मी मुद्दाम मान वळवून पाहिलं होतं, हसतायत ना म्हणून. चेअरमनच्या प्रवेशाला कुणाकडे वळून बघावंसं नव्हतं वाटलं.

वाटणार कसं? त्या प्रवेशात काही उरलंच नव्हतं. पहिल्या खर्ड्यात एका जागेत दोन गाड्या लावणारा चेअरमन होता, टँकरच्या बिलांची फाइल कायम 'ऑडिटला गेलेली' होती. तालमीत कुणीतरी हळूच म्हणालं, साउंड सिस्टीमचे पैसे तेच देतात गं. मी दोन्ही गोष्टी काढल्या. हसत हसत काढल्या, हे विशेष. मग वीस मिनिटं भरायला वॉचमनचा प्रवेश लांबवला.

तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या गावच्या पाटलाची टर उडवायचा तेव्हा पाटील समोर बसलेला असायचा, आणि टर उडवणारा बहुतेकदा गावकुसाबाहेरचा. उद्या त्याच गावात पोट भरायचंय हे माहीत असून तो बोलायचा. (म्हणून तमाशात सगळं सोवळं होतं असं नाही. लुगडं नेसलेल्या मावशीवर जे विनोद व्हायचे, त्यातले निम्मे बायकांवरच असायचे.) माझ्याकडे पोटाचा प्रश्न नव्हता. फक्त स्पीकरचा होता.

आज सारखी २०१२ ची आठवण येतेय. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं ते शंकर यांचं १९४९ मधलं व्यंगचित्र. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे, भोवती बघ्यांची गर्दी. संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मी तेव्हा हॉस्टेलवर होते आणि भयंकर तावातावाने बोलायचे. चित्र घटनेच्या दिरंगाईवर आहे, ज्यांच्यावर आहे ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष, सत्तेवरच तर बोट ठेवलंय! शिवाय दिरंगाईच्या आरोपाला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आकडे देऊन उत्तर दिलं होतं: ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. म्हणजे चित्रही होतं आणि उत्तरही. मग खुर्च्या कशाला मोडायच्या?

खुर्च्या मोडणं मला आजही पटत नाही. पण माझी रूममेट तेव्हा कपड्यांच्या घड्या घालता घालता एवढंच म्हणाली होती, "ते पान उघडलं की अख्खा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघणार." मी तिला चित्रकाराचा हेतू समजावत बसले. ती घड्या घालत राहिली.

१९४९ साली ते चित्र एका मंत्र्यावर होतं. २०१२ साली एखाद्या वर्गात ते तिसऱ्या बाकावरच्या मुलीवर जाऊन पडणार होतं, शंकर यांनी एक रेघही न बदलता. विनोद वरच्यावर करावा, खालच्यावर करू नये, हे मी कितीदा तरी ठासून सांगितलंय. पण वर-खाली हे कागदावर ठरत नाही. कोण कुठे बसून बघतंय त्यावर ठरतं, आणि तिथे बसलेल्याला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. माझ्या प्रहसनाला तर तेवढीही सबब नव्हती. मामा मागे उभे होते, हे मला माहीत होतं.

सोमवारपासून पोरांना खेळच मिळालाय. सायकली घेऊन गेटसमोरून जाताना ओरडतात, "मामा, काय बघायला?" वॉचमनचं काम केलेला बी विंगमधला पोरगा सगळ्यात पुढे. मामा हात हलवतात, हसतात. आज संध्याकाळी मी त्या पोराला थांबवून रागावले, तर तो म्हणाला, "पण काकू, तुम्हीच तर लिहिलंय."

भाजी घेऊन परत येताना गेटवर थांबले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते, "मामा, माझं कुरिअर आलंय का हो?"

त्यांनी वही ओढली, पानावर बोट फिरवत क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बघतोय, ताई."

बघतोय. अगदी आमच्यासारखं.