सीसॅट म्हणे झोपेतही पास होतो!

यूपीएससीची पूर्व परीक्षा निघाली, तरी आमच्या क्लासवरचा राग जात नाही. पॉलिटीला, म्हणजे राज्यघटना-राज्यव्यवस्थेला, महिनेच्या महिने, आणि सीसॅट, म्हणजे उतारे नि गणिताचा दुसरा पेपर, शेवटच्या एक-दोन रविवारी उरकला. "क्वालिफाइंगच तर आहे, झोपेतही पडतील मार्क!" सर स्वतः इंजिनिअर. मी बीए, मराठी माध्यम, दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेली.

परीक्षा समजायला अवघड नाही. एकाच दिवशी दोन-दोन तासांचे दोन पेपर. सकाळी जीएस म्हणजे सामान्य अध्ययन, १०० प्रश्न, २०० मार्क; कटऑफ यावरच लागतो. दुपारी सीसॅट, ८० प्रश्न, तेही २०० मार्क. त्यात ६६ पडले नाहीत तर सकाळची मेहनत पाण्यात. २०१५ पासून हे असंच चाललंय.

आता ते ६६ कसे पडतात ते बघा. बरोबर उत्तराला अडीच मार्क, चुकलं की एक तृतीयांश कापले जातात. चाळीस प्रश्न सोडवले, तीस बरोबर आणि दहा चूक, तर ६६.६७. पास. त्या तीसमधला एक जरी चुकला की ६३.३३, म्हणजे नापास. हे गणित क्लासमध्ये कुणी फळ्यावर मांडलं नाही; अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या ताईने माझ्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं, तेव्हा पोटात गोळा आला. २०२३ ला जनरल गटाचा जीएस कटऑफ ७५.४१ इतका खाली आला होता, आणि त्या वर्षी सीसॅटनेही भल्याभल्यांना रडवलं.

त्यात भाषा. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, पूर्वचा पेपर मात्र हिंदी आणि इंग्रजीतच. उताऱ्याचं हिंदी इतकं जड की मी मूळ इंग्रजी वाचायची सवय लावली. तेच बरं, दोन्हींत फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

मग क्लासला रामराम. जुने पेपर रोज दुपारी जेवून, अडीच वाजताच सोडवायचे, कारण खरा पेपरही त्याच पेंगुळलेल्या वेळी असतो. आधी उतारे, मग टक्केवारी, गुणोत्तर, भागाकारातली बाकी. परम्युटेशन (किती प्रकारे मांडता येईल, असलं गणित) दिसलं की पान उलटायचं. सीसॅटसाठी आठवड्यातला एक दिवस नाही, रोजचा तास द्या. जीएसवाले हसतील, हसू द्या.

मार्क लगेच कळतील अशी आशा ठेवू नका. निकालाच्या यादीत मार्क नसतात. मार्क नि कटऑफ अंतिम निकालानंतर. २०२३ च्या पूर्वचा निकाल जूनमध्ये लागला, अंतिम निकाल थेट एप्रिल २०२४ मध्ये. तोवर नक्की कुठे अडकलो हे नापास झालेल्यांना कळतच नाही.

आणि हो, पुणे सेंटर हवं असेल तर फॉर्म पहिल्या दिवसांतच भरा, जागा भरल्या की दुसरं शहर निवडावं लागतं. काळा बॉलपेन न्या, दोन न्या. गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं, दुपारीसुद्धा. जेवायला लांब जाऊ नका, डबा सोबत ठेवा.