ठासणीच्या नळीत गज घातला तेव्हा

कोल्हापुरात आमचे बंदुकांचे दुकान आहे. परवान्यावरची विक्री, दुरुस्ती आणि ठेव हा आमच्या घरात तीन पिढ्या चाललेला व्यवसाय. परवानाधारक वारला की त्याच्या मागे राहिलेल्या हत्यारांची छाननी करून किंमत लिहून द्यायला वारस मला बोलावतात, आणि वर्षातून पाच-सहा वेळा तरी हे काम येते. बहुतेक वेळा एखादी एकनळी, गंजलेली काडतुसे आणि मुदत संपलेला परवाना एवढेच असते, आणि दुपारच्या जेवणापर्यंत काम उरकते. गेल्या फेब्रुवारीत कुडाळ तालुक्यातल्या एका घरी घालवलेला दिवस मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

त्या घरातले अण्णा आमचे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक होते. माड, पोफळी, काजू आणि थोडे भात असलेल्या माणसाला रानडुकरे आणि माकडे किती छळतात हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शेतीच्या संरक्षणासाठी दिलेले बंदुकीचे परवाने तिकडे घरोघर आहेत ते त्यामुळेच. अण्णांच्या परवान्यावर एके काळी तीन हत्यारे होती: वडिलांकडून आलेली ठासणीची (तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची) एकनळी, बारा बोअरची विलायती दुनळी आणि सरकारी कारखान्यातली .३१५ ची रायफल. शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, एका माणसाला तिनाऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची परवानगी उरली आणि जास्तीचे हत्यार वर्षभरात जमा करायचे ठरले, तेव्हा अण्णा रायफल घेऊन आमच्याकडे आले. तिन्हींत विक्रीला सोपी रायफलच होती हे खरे, पण ठासणी सोडायचा विचारसुद्धा त्यांनी केला नाही. ती वडिलांची होती.

अण्णा गेल्यावर सात महिने दोन्ही बंदुका घरातच राहिल्या. परवानाधारक वारला की ते हत्यार घरच्यांनी बाळगणे कायदेशीर राहत नाही, ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते, ही साधी गोष्ट त्यांना कोणीही सांगितली नव्हती. थोरला मुलगा पुण्याहून येऊन दोनदा चौकशीला गेला, तर एका ठिकाणी त्याला आधी वारसाचा दाखला आणायला सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी साहेब नाहीत म्हणून परत पाठवले. मृत्यूच्या दाखल्याबरोबर चार ओळींची एक सूचना छापून दिली, तर अशी कितीतरी घरे नकळत होणाऱ्या गुन्ह्यापासून वाचतील, हे मी वर्षानुवर्षे प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे.

मला बोलावले होते ते वाटणीसाठी. धाकटी मुलगी नोकरी सोडून गावी परतली आहे आणि बाग तीच पाहते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवून वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायची तिची तयारी होती. भावाची ना-हरकत होती, फक्त त्याच्या वाट्याची रक्कम ठरायची होती. त्यामुळे मी लिहीन त्या आकड्यावर दोघा भावंडांचा व्यवहार उभा राहणार होता. पोलीस ठाण्याला आगाऊ पत्र देऊन, त्याची पोच खिशात ठेवूनच मी घाट उतरलो.

दुनळी त्यांनी ओसरीवर सतरंजी घालून मांडून ठेवली होती. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांची ती बंदूक मी पूर्वी पाहिली होती, पण मोजमापे कधी घेतली नव्हती. अशी बंदूक हातात आली की मला वेळेचे भान राहत नाही. बाहेरच्या बंदुकांची आयात सामान्य माणसाला १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे देशात आहेत तेवढ्याच विलायती बंदुका आता हातोहात फिरतात, आणि त्यांची किंमत नावावर जाते. खरे तर ती नळ्यांवर जायला हवी. मी नळ्या सोडवल्या, खालच्या खाचेत सुतळी अडकवून त्या लोंबत्या धरल्या आणि नखाने टिचकी मारली. देवळातल्या लहान घंटेसारखा लांब नाद आला, म्हणजे दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठेही सुटलेली नव्हती. मग नळ्या पुन्हा बसवून उजेडाकडे धरल्या. नळ्यांचे मागचे टोक आणि ते बंद करणारा लोखंडी सांगाडा, म्हणजे ॲक्शन, यांच्यामधून केसाएवढीही फट दिसली नाही.

नळ्यांच्या पोटावर मुकुटाखाली कोरलेली कसोटीची, म्हणजे नळ्या जादा दाबावर तपासल्याची, अक्षरे भिंगातून वाचली. धूरविरहित दारूसाठी तपासल्याची खूण, छऱ्यांचे वजन एक पूर्णांक एक अष्टमांश औंस आणि काडतुसाच्या कोठीची लांबी अडीच इंच, एवढे स्पष्ट दिसत होते. या खुणा १९२५ ते १९५४ या काळातल्या. मागच्या बाजूने नऊ इंच आत नळीचा व्यास मोजला, तर डावी ०.७३१ भरली आणि उजवी ०.७३३. बारा बोअरचे मूळ माप ०.७२९ इंच असते आणि त्यात दहा सहस्रांश इंचाची वाढ झाली की कसोटी बाद समजतात. म्हणजे नळ्या उत्तम होत्या. पण कोठीत मापाची कांडी घातली आणि ती अडीच इंचांवर न थांबता सरळ पावणेतीन इंचांपर्यंत गेली. सत्तर मिलिमीटरची काडतुसे बसावीत म्हणून कोणीतरी केव्हातरी दोन्ही कोठ्या आतून कोरून लांब केल्या होत्या. जिथे दाब सर्वांत जास्त असतो, तिथलीच भिंत त्याने पातळ केली होती. असे काम करून देणारे मिस्त्री अजून आहेत, आणि गिऱ्हाइकाला काडतूस सहज मिळावे एवढ्यासाठी शंभर वर्षे टिकणारी वस्तू ते बिघडवून ठेवतात. मला याचा फार राग येतो. दोन लाखांच्या पुढे जाणारी बंदूक मी एक लाख दहा हजारांवर आणली. मुलगा नाराज झाला, पण प्रत्येक माप त्याला भिंगातून दाखवले तेव्हा त्याने मान्य केले.

माळ्यावर एक तोड्याची (जळत्या वातीने बार उडवायची) जुनी नळी निघाली. तिला ना चाप होता ना दस्ता, आणि दारू भरण्याच्या जागी गंजून आरपार भोक पडले होते. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा कालबाह्य हत्याराला परवाना लागत नाही. मुलाने ती परदेशात राहणाऱ्या मित्राला भेट द्यायची इच्छा बोलून दाखवली. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, एवढे सांगून मी ती बाजूला ठेवली.

या सगळ्यात दुपारचा दीड वाजला. जेवण झाल्यावर मी म्हटले, आता ती ठासणीही उरकून टाकू. हे शब्द माझेच होते. त्या बंदुकीची किंमत चार-पाच हजारांपलीकडे जात नाही, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. ती माजघरात देवाच्या फळीशेजारी, दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली होती.

हातात घेताच दस्त्याच्या मानेवरची तांब्याची पट्टी दिसली आणि मला आनंद झाला, कारण ती आमच्या दुकानात बसवलेली होती. आमच्याकडे बत्तीस वर्षे काम केलेल्या कारागिराचा हात मी कुठेही ओळखेन. पट्टीच्या कडा तो लाकडात अशा बसवायचा की अंगठा फिरवला तरी सांधा लागत नसे. चार बारीक खिळे आणि त्यांची डोकी कानशीने सपाट केलेली. मी मुलीला ते काम कौतुकाने दाखवले, आणि मग सवयीने नळीखालचा गज काढून नळीत सोडला.

ठासणी भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी गज तळापर्यंत सोडायचा, नळीच्या तोंडाशी त्याच्यावर अंगठा धरायचा, मग तो बाहेर काढून तसाच नळीला बाहेरून लावून पाहायचा. रिकामी असेल तर गजाचे टोक निपलच्या, म्हणजे मागे जिथून ठिणगी आत जाते त्या भोकाच्या बोंडाच्या, जागेपर्यंत पोहोचते. या गजाचे टोक चार बोटे अलीकडेच थांबले. मी पुन्हा गज घातला आणि पुन्हा चार बोटे अलीकडे. शिवाय तळाला लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत नव्हता. गज मऊ वस्तूवर टेकत होता.

मी सगळ्यांना माजघरातून मागच्या पडवीत जायला सांगितले. निपलवर केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी छोटी टोपी, नव्हती, त्यामुळे घोडा पडून बार उडण्याचा धोका नव्हता, पण तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. कोरडी राहिलेली काळी दारू जुनी होऊन मरत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण पन्नास वर्षांनीही ठिणगी मिळाली की पेटते. निपल तेलाने भरून टाकले, बंदूक अंगणापलीकडे मातीच्या ढिगाकडे तोंड करून धरली, नळीत तांब्याभर पाणी ओतले आणि अर्ध्या तासाने गजाला पेच लावून आतला ऐवज ओढायला सुरुवात केली. आधी काथ्याचा घट्ट बोळा आला. त्यामागून शिशाचे छर्रे पडले, ते मी मोजले, एकतीस होते. मग काथ्याचा दुसरा बोळा आणि त्याच्याखाली दारूचा गठ्ठा. गठ्ठा वरून चिखल झालेला होता. मधून फोडला, तर आत राखाडी, कोरडे दाणे निघाले. त्यातले चिमूटभर लांब दगडावर ठेवून काठीला बांधलेली पेटती उदबत्ती लावली. फुस्सकन ज्वाळा उठली आणि पांढरा धूर पडवीपर्यंत आला.

मुलगी म्हणाली, "काका, दिवाळीत पोरांनी ही खाली काढून फोटो काढले होते." मी विचारले, टिकल्यांची पिस्तुले होती का त्यांच्याकडे. ती काही बोलली नाही. निपलवर एक टिकली ठेवून घोडा सोडला असता, तर काय झाले असते हे तिला विचारताक्षणीच कळले होते.

ती भरलेली कशी राहिली याचे उत्तर काकींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने दिले. त्या इतका वेळ खांबाला टेकून बसल्या होत्या. सासरे गेले त्या रात्री अण्णा डुकरांच्या राखणीला बागेत होते, त्यांना बोलावून आणले, आणि ते तसेच बंदूक टांगून आत गेले. "त्या रातीक टांगली ती टांगलीच," एवढेच त्या म्हणाल्या. तेरावे झाल्यावर अण्णांनी दुनळी घेतली आणि ठासणी पुन्हा वापरली नाही. सासरे १९९३ साली गेले होते.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी मनात हिशेब करत होतो. १९९३ पासून परवान्याचे किती वेळा नूतनीकरण झाले असेल. प्रत्येक वेळी बंदूक पाहणीसाठी नेली असेल, नळीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून शिक्का मारला असेल. प्रत्येक निवडणुकीच्या आधी ती ठाण्यात जमा झाली असेल, तिथे दहा-वीस बंदुकांच्या गठ्ठ्यात उभी राहिली असेल आणि निकालानंतर तशीच घरी आली असेल. एवढ्या हातांतून ती भरलेली गेली. तपासणी म्हणजे क्रमांक जुळवणे अशीच आमच्या सगळ्या यंत्रणेची समजूत झाली आहे. शिपायाला गज कसा घालायचा हे कोणी शिकवलेलेच नाही. त्याला मी दोष देत नाही.

दोष कुठे द्यायचा, ते रात्री दुकान उघडून जुन्या नोंदवह्या काढल्या तेव्हा कळले. २०११ च्या वहीत, जून महिन्यात, माझ्याच अक्षरात ती नोंद आहे: ठासणी एकनळी, दस्ता चिरलेला, तांब्याची पट्टी बसवली, नळी साफ केली, तेलपाणी.

नळी साफ केली असती, तर त्याच दिवशी कळले असते. म्हणजे ती केली नव्हती, आणि केली असे मी लिहिले होते. दस्त्याचे काम आले की त्याखाली हे चार शब्द लिहायची आमच्या दुकानाची पद्धतच होती. कारागिराला वारून सहा वर्षे झाली, त्यामुळे त्याने गज घातला होता का हे आता विचारता येत नाही. पण विचारणे माझे काम होते आणि पैसे घेऊन सही मी केली होती. ज्या पट्टीचे मी त्या मुलीला कौतुकाने वर्णन केले, तिचे चार खिळे दारूच्या गठ्ठ्यापासून वीतभर अंतरावर हातोडीने ठोकलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करून मी मुलीला हे सगळे जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बरे झाले तुम्हीच सांगितलेत." मूल्यांकनाचे पैसे मी घेतले नाहीत. दोन्ही बंदुका सध्या आमच्या ठेवीत आहेत, पावती तिच्या नावे आहे आणि तिचा अर्ज पुढे गेला आहे. ठासणीही तिने आपल्याच अर्जात घातली आहे.

त्यानंतर मी १९९० पासूनच्या सगळ्या वह्या चाळल्या. नुसत्या दस्त्यासाठी किंवा घोड्याच्या कमानीसाठी आलेल्या आणि 'नळी साफ केली' असे लिहिलेल्या तेवीस ठासण्या सापडल्या. सोळा घरांशी बोलणे झाले, मालकांना गजाची रीत समजावली आणि अंतर कमी भरले तर पुढे हात न लावता मला बोलवा असे सांगितले. त्यांपैकी आजरा तालुक्यातली एक भरलेली निघाली, ती मी स्वतः जाऊन रिकामी केली. चार बंदुका विकल्या गेल्या आहेत, त्यांच्या नव्या मालकांची नावे परवाना शाखेकडे लेखी मागितली आहेत. उरलेल्या तीन घरांचे फोन लागत नाहीत. दोन पत्ते दोडामार्गकडचे आहेत आणि एक वैभववाडीचा, आणि येत्या रविवारी गज, पेच आणि तेलाची बाटली घेऊन मी तिकडे निघणार आहे.