ब्रुन्व्हाल : जिथून रडार पळवलं तो किनारा

फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जाणारी माणसं सहसा ओमाहा बीच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य उतरलं तो किनारा, बघून येतात. आम्हीही बघणार होतोच. पण त्याआधी मला ब्रुन्व्हालला जायचं होतं, आणि हे नाव घरात कुणीच ऐकलेलं नव्हतं.

"तिथे आहे काय?" सौ.नं विचारलं.

"रडार होतं."

"आता नाही?"

"इंग्रजांनी चोरून नेलं."

पॅरिसला नोकरी करणाऱ्या लेकीनं एव्हाना नकाशा उघडला होता. "बाबा, तिथे बस धड जात नाही. ल हाव्रपर्यंत रेल्वेनं जाऊ आणि पुढे गाडी घेऊ," म्हणाली. विषय मिटला.

माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक यंत्रं उघडण्यात आणि पुन्हा बंद करण्यात गेली. त्यामुळे युद्धकथा वाचतानाही तोफा-रणगाड्यांपेक्षा पेटीच्या आत काय आहे, याचीच मला उत्सुकता जास्त. या गोष्टीचा नायक माझ्या लेखी एक मेकॅनिक आहे. रडार पळवणाऱ्या ब्रिटिश तुकडीचे म्होरके मेजर जॉन फ्रॉस्ट यांचं नाव सगळे घेतात, घ्यावंही. पण मी गेलो होतो तो फ्लाइट सार्जंट कॉक्ससाठी.

पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून ल हाव्रला दोन-सव्वादोन तास लागतात. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश बॉम्बफेकीत हे शहर जवळजवळ भुईसपाट झालं. नंतर ऑग्युस्त पेरे या वास्तुरचनाकारानं ते काँक्रीटमध्ये नव्यानं उभं केलं आणि आता ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. मला ते फार रुक्ष वाटलं. लेकीला आवडलं. आम्ही कॉफी घेऊन उत्तरेकडे निघालो.

ब्रुन्व्हाल तिथून वीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पठार, गायी आणि मधूनमधून फिकट निळ्या फुलांची शेतं. ती जवसाची निघाली! आपण जवस पिकवतो ते चटणीसाठी, तेलासाठी. इथे ते धाग्यासाठी लावतात, लिननच्या कापडाचं. ही फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून पडतात. आम्ही सकाळी पोचलो हे नशीब. सौ.चा सगळा प्रवास तिथेच वसूल झाला.

ला पोतरी गाव मागे टाकलं की रस्ता एका अरुंद घळीत उतरतो आणि थेट समुद्राशी जाऊन थांबतो. दोन्ही बाजूंना खडूच्या दगडाचे पांढरे कडे, सुमारे शंभर मीटर उंच. त्या पांढऱ्या दगडात काळ्या गारेचे आडवे थर. किनाऱ्यावर वाळू जवळपास नाहीच. कड्यातून सुटलेल्या गारा लाटांनी घासून गोल केलेल्या, मुठीएवढ्या. त्यावर चालताना प्रत्येक पावलाला पाय घोट्यापर्यंत सरकतो. दक्षिणेला अँतिफेरचं तेलबंदर आहे, त्याचा लांबलचक बांध दिसतो. तो १९७० च्या दशकातला. तेवढा नजरेआड केला की बाकीचं दृश्य १९४२ सालचंच.

आता गोष्ट. १९४१ साली इंग्लंडची बॉम्बर विमानं जर्मनांच्या हद्दीत फार पडायला लागली होती. जर्मनांकडे 'फ्राया' नावाचं दूरचं बघणारं रडार आहे, हे इंग्रजांना ठाऊक होतं. पण त्याच्या सोबतीला दुसरं, अधिक नेमकं रडार असणार, असा हवाई मंत्रालयातल्या आर. व्ही. जोन्स या तरुण शास्त्रज्ञाचा कयास होता. त्या वेळी तो तिशीचाच होता. ब्रुन्व्हालच्या कड्यावर फ्राया होतंच. हवाई छायाचित्रात तिथून एक पायवाट एका एकट्या बंगल्याकडे जाताना दिसली आणि बंगल्यासमोर एक बारीकसा ठिपका.

टोनी हिल नावाचा वैमानिक स्पिटफायर विमान घेऊन कड्याला अगदी खेटून गेला. कॅमेरा चालला नाही. पण डोळ्यांनी बघितलं ते त्यानं येऊन सांगितलं: वाडग्याच्या आकाराच्या विजेच्या हीटरसारखं काहीतरी, दहाएक फूट रुंद. दुसऱ्या दिवशी, ५ डिसेंबर १९४१ ला, तो पुन्हा गेला आणि फोटो घेऊन आला. ते होतं 'व्यूर्त्सबुर्ग': तीन मीटर व्यासाची तबकडी, तरंगलांबी ५३ सेंटिमीटर, बनावट टेलिफुंकेन या जर्मन कंपनीची.

जमिनीवरची माहिती फ्रेंच प्रतिकार चळवळीनं आणली. 'रेमी' या टोपणनावानं काम करणाऱ्या जिल्बेर रनो यांच्या जाळ्यातले रोजे द्यूमाँ आणि शार्ल शोव्हो हे दोघं सरळ किनाऱ्यावर फिरायला आले. पहाऱ्यावरच्या जर्मनाशी गप्पा मारल्या, समुद्र बघायचाय म्हणाले. त्यानं स्वतः सोबत येऊन त्यांना किनाऱ्यावर नेलं. म्हणजे सुरुंगांच्या पाट्या नुसत्या पाट्याच आहेत, हे कळलं! द्यूमाँना पुढे जर्मनांनी पकडलं आणि १९४३ मध्ये गोळ्या घातल्या. धाडीच्या गोष्टी रंगवताना हे नाव बऱ्याचदा गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बेत मंजूर केला लॉर्ड माउंटबॅटननी. हो, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. तेव्हा ते संयुक्त मोहिमांच्या विभागाचे प्रमुख होते. समुद्रातून चढून जाणं म्हणजे मरण, हे खाली उभं राहून वर बघितलं की लगेच पटतं. म्हणून आकाशातून उतरायचं आणि समुद्रातून निसटायचं, असं ठरलं.

आणि इथे येतो कॉक्स. युद्धाआधी हा सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचा. हवाई दलात रडार मेकॅनिक झाला, पण तोवर ना कधी विमानात बसला होता, ना जहाजात. एका धोक्याच्या कामासाठी स्वेच्छेनं तयार झाला आणि थेट पॅराशूटच्या प्रशिक्षणाला. त्यात सरकारी खाक्या बघा. सगळी तुकडी लष्कराची, हा एकटा हवाई दलाचा. पकडला गेला तर गणवेशावरूनच जर्मन ओळखतील की याला कशाला आणलंय. जोन्सनी विनवलं, याला लष्कराचा गणवेश आणि नंबर द्या. युद्ध खात्यानं नकार दिला. कॉक्स हवाई दलाच्याच गणवेशात गेला. कागदाला माणसापेक्षा किंमत देणारं खातं फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

२७ फेब्रुवारी १९४२ ची रात्र. चंद्रप्रकाश, जमिनीवर बर्फ. थ्रक्स्टनच्या धावपट्टीवरून बारा व्हिटली विमानं १२० जणांना घेऊन निघाली. दुसऱ्या पॅराशूट बटालियनची सी कंपनी, बहुतेक स्कॉटिश. निघण्याआधी भरपूर चहा झाला होता आणि विमानात सोय नाही. त्यामुळे शत्रूच्या भूमीवर उतरल्यावर सगळ्यांनी पहिलं काम काय केलं असेल, ते फ्रॉस्टनी स्वतःच नंतर सांगून ठेवलंय.

वर पठारावर गेलो. रडारची जागा म्हणजे आता कड्याच्या काठचं रान आणि शेत. बघायला काही नाही, पण अंतरं पावलांनी मोजता येतात, आणि त्यासाठीच यायचं. फ्रॉस्टनी बंगल्याला वेढा घालून शिट्टी वाजवली. आत एकच जर्मन सापडला, वरच्या मजल्यावरून गोळीबार करणारा. तो मारला गेला. रडारपाशी एक जर्मन पळता पळता कड्यावरून घसरला, थोडं खाली एका कपारीत अडकला. त्याला ओढून वर काढलं आणि कैद केलं.

मग कॉक्स आणि इंजिनिअर्सचा लेफ्टनंट व्हर्नन कामाला लागले. व्हर्नननं फ्लॅश लावून फोटो काढले, तर त्या उजेडावर लगेच गोळ्या यायला लागल्या. पेचकसनं एकेक भाग सोडवायला वेळ कुठला? पहारीनं उचकटले. तबकडीच्या मधला अँटेना करवतीनं कापला. ट्रान्समीटर, रिसिव्हर, मॉड्युलेटर निघाले. पडद्याचा भाग तेवढा राहिला. अंधारात, कानाजवळून गोळ्या जात असताना, परक्या बनावटीचं यंत्र पहिल्यांदा बघून त्यातलं काय न्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं! मला टेबलावर, दिव्याखाली, सर्किटचा नकाशा समोर असताना घाम फुटायचा.

सगळं ढकलगाड्यांवर लादून उतारावर आणलं आणि तिथे अडकलं. किनारा मोकळा करायचं काम ज्या 'नेल्सन' तुकडीकडे होतं, तिचे बरेच लोक विमानं चुकल्यानं दूरच उतरले होते. खालच्या मशीनगनमुळे पुढे सरकता येईना. सार्जंट-मेजर स्ट्रॅचनच्या पोटात तीन गोळ्या गेल्या (ते वाचले). अखेर लेफ्टनंट चार्टरिस आपली माणसं घेऊन धावत पोचला आणि किनारा ताब्यात आला.

तर बोटी गायब! वायरलेस लागेना. शेवटी आकाशात इशाऱ्याचे प्रकाशगोळे सोडले. नंतर कळलं की जर्मन युद्धनौका जवळून जात होत्या म्हणून बोटी गप्प थांबल्या होत्या. पहाटे अडीचच्या सुमारास आल्या, त्याही दोन-दोन करत नव्हे, सगळ्या एकदम. मग एकच गोंधळ. दोन मृत आणि सहा साथीदार मागे राहिले. ते सहा जण पकडले गेले.

मी त्या गारांवरून पाठीवर पिशवी घेऊन पाण्यापर्यंत चालून बघितलं. दोनदा हात टेकावे लागले. सौ. वर बाकावरून बघत होती. "कुठलं रडार आणलंत?" एवढंच म्हणाली.

तंत्राच्या दृष्टीनं खरी मजा पुढे आहे. इंग्लंडमध्ये ते भाग टेबलावर मांडले तेव्हा जर्मन कारागिरीचं सगळ्यांनी कौतुक केलं. एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढून नवा बसवता येईल, अशी रचना. पट्ट्यांवरच्या अनुक्रमांकांवरून आणि तारखांवरून उत्पादन किती होतंय याचा अंदाज बांधता आला. पकडून आणलेल्या ऑपरेटरला यंत्र चालवता येत होतं, पण आतलं फारसं कळत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे तरंगलांबी पक्की कळली, आणि जॅमिंग झालं, म्हणजे शत्रूनं मुद्दाम लहरींत गोंधळ घातला, तर ती सहज बदलण्याची सोय यंत्रात नाही, हेही. मग त्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या, साधारण २७ सेंटिमीटरच्या, धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्या आकाशात सोडल्या की रडारला खरं विमान आणि कचरा यातला फरक कळत नाही. ही कल्पना आधीची होती. ब्रुन्व्हालनं खात्री दिली. तरी पट्ट्या वापरल्या गेल्या थेट २४ जुलै १९४३ च्या रात्री, हॅम्बुर्गवर. जर्मन आपल्यावरच हा डाव उलटवतील, ही भीती. त्या रात्री ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. त्याच आठवड्यात हॅम्बुर्ग जळालं, तीस हजारांहून अधिक माणसं गेली. ब्रुन्व्हालच्या रोमहर्षक गोष्टीला हेही चिकटलेलं आहे.

जर्मनांनी धडा घेतला तो मात्र भलताच. आपल्या रडारांभोवती त्यांनी काटेरी तारा लावल्या. त्या तारांखालचं गवत वाढलं आणि आकाशातून ती ठिकाणं अधिकच उठून दिसायला लागली.

किनाऱ्यावर स्मारक आहे. १९४७ च्या मार्चमध्ये द गॉल यांनी इथे मोठ्या गर्दीसमोर भाषण केलं आणि त्यानंतर काहीच दिवसांत त्यांचा नवा पक्ष निघाला. स्मारकापाशी मला मात्र टांगाईल आठवलं. ब्रुन्व्हालला उतरली ती ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला उतरली ती आपल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, २ पॅरा (मराठा). तिचं मूळ मराठा लाइट इन्फंट्रीत. पुंगलीचा पूल धरून तिनं ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "आणि हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही."

फ्रॉस्ट पुढे नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या पुलावर लढले. तो पूल आज त्यांच्या नावानं ओळखला जातो. कॉक्सला मिलिटरी मेडल मिळालं. युद्ध संपल्यावर त्यानं विस्बेच गावात रेडिओ-टीव्हीचं दुकान टाकलं. मला विचाराल तर त्या दुकानात एखादा बिघडलेला सेट घेऊन जायला फार आवडलं असतं.