सीनायचा डोंगर: उंटाचे पैसे, साडेसातशे पायऱ्या आणि आमच्या सासूबाई

आधी पैशांचं बोलते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. इजिप्तमधल्या सीनायच्या डोंगरावर उंटाने जाणार असाल तर उंटवाल्याला पैसे वर पोहोचून उतरल्यावर द्यायचे. पायथ्याशी नाही, अर्ध्या वाटेत तर मुळीच नाही. आणि 'कुठपर्यंत' हे ठरल्याशिवाय उंटाजवळ जायचंच नाही. एवढं शिकायला आम्ही पस्तीस डॉलर मोजले, तेव्हाच्या भावाने २९०० रुपयांच्या आसपास. एका उंटाचे, एका बाजूचे.

फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. जॉर्डन, इस्राएल, इजिप्त अशी पवित्र भूमीची नेहमीची सहल. आमच्याकडची मंडळी मिळून अडतीस माणसं, पुढे चर्चचे पाळकसाहेब. घरातून आम्ही तिघी: सासूबाई (वय ६७), मी आणि माझी एकोणीस वर्षांची लेक. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या जागी लेक आली. जेरुसलेम, बेथलेहेम, गालील, यार्देन सगळं छान झालं. बसमधून उतरा, बघा, फोटो काढा, बसमध्ये चढा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, माझी भर नको. मला एका रात्रीबद्दलच लिहायचंय.

माहितीपत्रकात ओळ होती: 'पहाटे सीनाय पर्वतावर चढाई, हलकं चालणं, उंटाची सोय.' यातलं 'पहाटे' खोटं, 'हलकं' खोटं आणि 'सोय' म्हणजे काय ते वर सांगितलंच. उंटाचे पैसे सहलीच्या रकमेत धरलेले नाहीत, हे ताबाची सीमा ओलांडून इजिप्तमध्ये शिरल्यावर बसच्या माइकवरून कळलं. तोवर परत कोण फिरणार!

आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. जेबेल मुसा, म्हणजे मोशेचा डोंगर (त्याला देवाच्या दहा आज्ञा इथेच मिळाल्या असं मानतात), २२८५ मीटर उंच. पायथ्याचा सेंट कॅथरीनचा मठ साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे. तिथून पुढे सातशे मीटर चढायचं, रात्री, थंडीत, नुकतीच डुलकी लागली असताना उठून. कळसूबाई मी दोनदा केलंय. ज्यांना ते दमवतं त्यांनी आधी दोन महिने जिने चढावेत. ज्यांना नाही दमवत त्यांचे पाय इथे टिकतील, बोटं मात्र गारठतील. हातमोजे हवेतच. डोक्याला बांधायचा टॉर्च हवा, मोबाइलचा नाही, कारण हात मोकळे लागतात. कानटोपी घ्यायला लाजू नका.

रात्री नऊला जेवण झालं आणि पाळकसाहेबांनी सुचवलं की भगिनींनी, विशेषतः वयस्कर भगिनींनी, हॉटेलातच थांबून प्रार्थनेत वेळ घालवावा. माणूस वाईट नाही. काळजीपोटीच म्हणाले असतील. पण सासूबाईंहून दोन वर्षांनी मोठे, मधुमेहाचे दोन दादा वर जायला निघालेच होते, त्यांना कुणी प्रार्थनेला बसवलं नाही. सासूबाई केडगावच्या, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या शाळेत शिकलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, रमाबाई लहानपणापासून आईबापाबरोबर पायी तीर्थयात्रा करत देशभर हिंडल्या. मी एक डोंगर नाही का चढायची?" मग खोलीत येऊन मला म्हणाल्या, "तुझी ती काळी विजार दे गं."

तर पहिली सूचना बायकांसाठी: नुसत्या साडीत उंटावर बसता येत नाही. खोगिराला पुढे-मागे लाकडी खुंट असतात आणि पाय फाकवूनच बसावं लागतं. सासूबाईंनी आयुष्यात पंजाबी ड्रेससुद्धा घातलेला नाही. त्या रात्री त्यांनी माझी ट्रॅकपँट चढवली, वर साडी, वर दोन स्वेटर, वर सासऱ्यांचं जुनं जाकीट, डोक्याला माकडटोपी. लेक हसून लोळली. पण अडतीस जणांत सगळ्यात कमी थंडी त्यांनाच वाजली.

दुसरी सूचना, हीही बायकांसाठी, आणि ही कुठल्याच माहितीपत्रकात नसते. पायथ्याजवळ स्वच्छतागृह आहे, तिथे जाऊन या. वर वाटेतल्या टपऱ्यांपाशी जे आहे त्याला मी नाव देणार नाही. माझ्या लेकीची पाळी नेमकी त्याच रात्री आली. पॅड, कागदी रुमाल, वापरलेलं परत आणायला एक काळी पिशवी आणि पोटदुखीची गोळी हे जाकिटाच्या खिशात ठेवा, बसमधल्या बॅगेत नाही. पोरीने अर्धा डोंगर दात आवळून काढला आणि मला सांगितलं ते उतरल्यावर. मी रागावले. मग आठवलं, मीही माझ्या आईला असलं काही कधी सांगितलं नव्हतं.

एक वाजता निघालो. दारावर पासपोर्ट तपासतात. बेदुइन, म्हणजे तिथल्या वाळवंटातल्या अरब टोळ्यांतला, वाटाड्या घ्यावाच लागतो, एकट्याने सोडत नाहीत. हे लोक जबालिया टोळीचे. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात मठ बांधला तेव्हा त्याच्या सेवेला आणलेल्या माणसांचे आपण वंशज, असं ते स्वतःबद्दल सांगतात. आमचा वाटाड्या सज्जन होता, कमी बोलायचा, दर वळणावर मागे वळून मोजायचा. उंटवाल्यांचं खातं वेगळं.

अंधारात उंट दिसत नाही, आधी वास येतो. मग कानाशी श्वास आणि "कॅमल? कॅमल, मामा?" सासूबाई अर्धा तास चालल्या, मग गुडघा बोलायला लागला. भाव पंचवीस डॉलर. घासाघीस करायला माझ्यात त्राण नव्हतं, म्हणून दिले. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा. बसवताना त्याने मदत म्हणून जो हात लावला तो मदतीपेक्षा जास्त होता. सासूबाईंनी त्या हातावर अशी चापट मारली की उंट दचकला. सगळे तसे नसतात. पण उंट दगडाशेजारी बसवायला सांगा, दगडावरून स्वतः चढा आणि हात मध्ये आला तर मोठ्याने 'नो' म्हणा. लाजून गप्प बसू नका. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, तेव्हा मागे रेला, नाहीतर त्याच्या मानेवरून पुढे जाल. आणि तो दरीच्या कडेकडेनेच चालतो. खाली बघू नका. तसंही काही दिसत नाही.

आता ती जागा. दीडेक तासाने एका चहाच्या टपरीशी पोरगा थांबला. "फिनिश." उतरवलं. मी विचारलं, पायऱ्या कुठे? तो वर बोट दाखवून म्हणाला, अजून दहा डॉलर. वाट वर दिसत होती, दुसऱ्यांचे उंट त्याच वाटेने पुढे जात होते, आणि आमच्या उंटाचं मात्र 'फिनिश'! मी भांडले, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. सासूबाईंना पुन्हा चालायला लावणं शक्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. दिले दहा. चहाचे पैसे तर वेगळेच, त्याबद्दल लिहिलं तर हा लेख संपायचा नाही.

तर नीट ऐका. उंटाची वाट जिथे खरोखर संपते तिथे खडकातली एक अरुंद खिंड आहे. तिच्यापलीकडे शेवटच्या पायऱ्या सुरू होतात. बोलणी करताना 'पायऱ्यांपर्यंत' म्हणा, वाटाड्याला मध्ये उभं करून म्हणा. टपरी आली म्हणजे वाट संपली असं नाही, टपऱ्या बऱ्याच आहेत.

खिंडीपुढे साडेसातशे पायऱ्या. 'पायऱ्या' हा शब्द वाचून जेजुरी डोळ्यांसमोर आणू नका. हे नुसते रचलेले धोंडे आहेत. एक घोट्याएवढा, पुढचा गुडघ्याएवढा, तिसरा हलणारा. सावलीच्या बाजूला फेब्रुवारीत बर्फाचा पातळ थर होता, तो टॉर्चच्या उजेडात ओल्या दगडासारखाच दिसतो. आमच्यातले एक दादा तिथेच आपटले, मनगट सुजलं. इथे उंट नाही, डोली नाही, धरायला कठडा नाही. या साडेसातशे पायऱ्यांना आम्हाला सव्वा तास लागला. माझं स्पष्ट मत: गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेलं असेल तर खिंडीपाशी थांबा. सूर्योदय तिथूनही होतो.

सासूबाई थांबल्या नाहीत. दहा पायऱ्या, बसणं, दहा पायऱ्या, बसणं. लेक पुढून हात द्यायची, मी मागून कंबर धरायची. साधारण मध्यावर त्या एका धोंड्यावर बसल्या आणि दम खात म्हणाल्या, "या डोंगराचं दुसरं नाव ठाऊक आहे का? हागार." मला वाटलं चक्कर आली. पण बायबलमध्ये संत पौलाने गलतीकरांस पत्रात खरंच तसं लिहिलंय, चौथ्या अध्यायात, दृष्टांत म्हणून: हागार म्हणजे अरबस्तानातला सीनाय डोंगर. मालकिणीने घराबाहेर काढलेली, पोराला घेऊन रानात पाणी शोधणारी दासी. पौलाला त्यातून गुलामगिरी दाखवायची आहे, ते वेगळं. सासूबाई म्हणाल्या, "पौलाला काय म्हणायचं ते म्हणू दे. माझी आई बायबलबाई होती, घरोघरी बायबल सांगणारी. नगर जिल्ह्यातली खेडी पायी फिरायची, मला काखेत घेऊन. लोक दारात उभं करायचे, पाणी वरून ओतायचे. तिला हागारेची गोष्ट सांगायला फार आवडायची."

बावीस वर्षं मी त्यांची सून आहे. त्यांच्या आईबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्यांचा फोटो देवघरासारखा कोपऱ्यात लावलेला आहे आणि तो पुसताना काच फुटता कामा नये. घरात आमचं बोलणं म्हणजे दूध, गॅस, भाजी, कोण कधी येणार. एकमेकींवर आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवलेले रुसवेही आहेत, ते त्या डोंगरावर विरघळले वगैरे काही नाही. पण कंबर धरून ढकलताना माणसाचं वजन कळतं. त्या माझ्या समजुतीपेक्षा खूप हलक्या होत्या.

आणखी एक गंमत. बायबलमधल्या निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायात लोकांना डोंगरापाशी तयार व्हायला सांगताना मोशे म्हणतो, स्त्रीजवळ जाऊ नका. म्हणजे 'लोक' म्हणजे कोण, ते तिथेच ठरून गेलं! हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, आत्ता नको, पाय बघ."

सव्वासहाच्या सुमारास उजाडलं. वर १९३४ साली बांधलेलं छोटं चॅपेल आहे, ते बंद होतं. शेजारी छोटी मशीद. कोरियन मंडळी गात होती, त्यांचं संपायच्या आत नायजेरियन मंडळींनी सुरू केलं. गुलाबी डोंगरांच्या रांगांमागून रांगा. ते सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण वारा असा की पाच मिनिटांनी सौंदर्य नको, घोंगडी हवी असं होतं. घोंगड्या भाड्याने मिळतात. भाव आधी विचारा, आणि अंगाला लागेल असा स्वतःचा कपडा आत असू द्या. सासूबाईंनी बसल्या बसल्या बूट-मोजे काढले. आमच्यातल्या एका ताईंनी डोळे पुसत माझ्या कानात म्हटलं, "पवित्र भूमी म्हणून मोशेसारखे जोडे काढले बघा." मी हो म्हटलं. अंगठ्याला फोड आला होता.

उतरताना वाटाडा विचारेल, 'शॉर्ट वे?' तो म्हणजे पश्चात्तापाच्या ३७५० पायऱ्या, सरळ मठाकडे उतरणाऱ्या. लेक आणि दोन तरुण गेले, म्हणाले की देखावा छान आहे. मी सासूबाईंबरोबर उंटाच्या वाटेनेच परतले. गुडघे चाळिशीपुढचे असतील तर तुम्हीही तेच करा. उजेडात ती वाट इतकी रुंद आणि साधी दिसते की रात्री आपण कशाला घाबरलो, असं वाटतं. उतरताना उंट घेतला नाही. तोच पोरगा खाली भेटला, ओळखीचं हसला, "बक्षीस?" म्हणाला. सासूबाईंनी पिशवीतून नगरहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की काढून त्याच्या हातावर ठेवली. माझा राग गेला नव्हता, मी काही दिलं नाही.

शेवटची फसवणूक मठाची. पत्रकात 'सेंट कॅथरीन मठ दर्शन' असं ठळक होतं. देव मोशेशी जळत्या झुडपातून बोलला ती जागा, आत पादत्राणं काढून जायचं ते चॅपेल, हे बघायला आम्ही वरून जिवाच्या आकांताने उतरलो. दार बंद. शुक्रवार होता. मठ तेव्हा शुक्रवारी आणि रविवारी बंद असायचा, ग्रीक सणांनाही, आणि एरवीही सकाळचे थोडेच तास उघडा असायचा. हे त्या सहलवाल्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: सेंट कॅथरीनला आपण कोणत्या वारी असू? उत्तर लेखी घ्या.

सासूबाई भिंतीला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बसचा हॉर्न वाजला. कैरोपर्यंत त्या झोपल्या, माझी ट्रॅकपँट घालूनच.